एकाच परातीत

पाटोद्याच्या स्टँडमागच्या खानावळीत मी रोज जेवायचो. मालक आधी मस्कतला ड्रायव्हर होते. दर शुक्रवारी ते तिकडचा भात करायचे, वर मटणाचे मोठाले तुकडे अन् मनुके. भात परातीत काढला की आधी बायकोला हाक मारायचे. दोघं जेवल्यावर गिऱ्हाइकांना वाढायचे.

एकदा भुकेनं मी कुरकुरलो.

"तिकडं शेठ अन् डायवर एका परातीत जेवत्यात," ते म्हणाले. "मग आमी नवरा-बायको कावून न्हाई?" अन् मटणाचा मऊ तुकडा तोडून त्यांनी तिच्याकडं सरकवला.

ती अंग चोरून बसली होती. पदर सावरत मला म्हणाली, "दादा, लग्न झाल्यापासून सगळ्यांच्या मागून जेवले. गरम अन्न कसं लागतं, ते आत्ता कळलं."