बिनलसणाची चार पाकिटं

मला माझ्या जावेचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की हिनं लपवलं.

लग्न होऊन मुरूमला आले तेव्हा मी सोबत एक लॅपटॉप आणि पुण्यातली नोकरी घेऊन आले. नोकरी घरूनच चालू राहिली. लोकांच्या वेबसाइटला दुकान जोडून द्यायचं, हे माझं काम. वस्तू निवडून ठेवायची टोपली, गिऱ्हाइकानं आत यायचं लॉगिन, शेवटी पैसे भरायची सोय. खोलीचं दार लोटून घेऊन मी दिवसभर हेच करते. घरात याला 'टाइप करत बसलीय' म्हणतात.

जाऊ म्हणजे थोरल्या दिरांची बायको. मी तिला अक्का म्हणते. शिकली दहावीपर्यंत. करते काय, तर शेंगाची चटणी. उखळात कुटलेली, तेल सुटलेली, लसणाचा ठसका असलेली. साधा बटणांचा फोन कमरेला खोचून ती घरभर फिरते. उमरग्यापासून नळदुर्गापर्यंतच्या बायका तिला मिस्ड कॉल देतात, ती हातातलं काम संपलं की उलट फोन लावते. चटणीचा विषय निघायच्या आधी कुणाच्या सुनेला कितवा महिना आणि कुणाचे गुडघे कसे आहेत, हे सगळं बोलून होतं. कुठं लिहून ठेवत नाही. तरी कुणाला तिखट कमी आणि कुणाला मीठ जास्त, यात तिची चूक झालेली मी पाहिली नाही. पाहायला मिळावी म्हणून वाट मात्र पुष्कळ बघितली.

आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, आल्यागेल्याला तिच्याकडं बोट दाखवून सांगतात, "आमची थोरली लई कामाची." मग मीही तिथंच उभी आहे हे लक्षात येतं, तेव्हा म्हणतात, "आन ही कॉम्प्युटरवर असती." या दुसऱ्या वाक्यानं माझ्या पोटात जे दुखायचं, त्याला औषध नव्हतं. माझ्याबद्दलही त्यांनी एकदा 'कामाची' म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

म्हणून दीर जेव्हा म्हणाले, "चटणीची पण एक वेबसाइट करून टाक की," तेव्हा मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पुण्याच्या गिऱ्हाइकांसाठी केली नसेल एवढी मेहनत मी तिच्यावर घेतली. चटणीचे फोटो परसात उन्हाला ठेवून काढले. टोपली केली. मोबाईलवर आकडे येतात आणि ते टाकल्याशिवाय पुढं जाता येत नाही, असं लॉगिन केलं. पैसे भरायची सोय जोडली. ऑर्डर आली की अक्काच्या फोनवर मराठीत मेसेज जावा, तेही बसवलं. पानाच्या तळाशी दिरांनी अक्काचा नंबर टाकायला सांगितला होता. तो मी टाकून दुसऱ्या दिवशी काढला. "असा उघडा नंबर बरा दिसत नाही," असं मी दिरांना सांगितलं. खरं सांगायचं तर नंबर ठेवला असता तर लोकांनी तिलाच फोन लावला असता आणि माझी टोपली रिकामी राहिली असती.

सुरू करायच्या आधी तपासून बघावं लागतं. त्यासाठी खोट्या पैशांची सोय असते, ऑर्डर लागते पण पैसा कुणाचा जात नाही. पत्ता काहीतरी टाकावा लागतो. माझी बोटं मला न विचारता टाइप करतात तो पत्ता एकच, माकणीचा, माझ्या माहेरचा. चार वेळा तपासलं. चारही वेळा नीट चाललं. मी खूश होऊन निजले.

वेबसाइट सुरू झाली. अक्का प्रत्येक फोनवर सांगायची, "आता वेबसाइटवरच टाका. माज्या धाकट्या जावंनं केलीया." आतल्या खोलीतून मला ते ऐकू यायचं आणि तिचा चांगुलपणाही मला टोचायचा. टोपल्या भरत होत्या, ते मला इकडं दिसत होतं. दोन पाकिटं, पाच पाकिटं. पण लॉगिनपाशी येऊन सगळ्या थांबत. पंधरा दिवसांत पुऱ्या झालेल्या ऑर्डरी बोटांवर मोजाव्यात एवढ्याच. घोडं कुठं पेंड खातंय ते मला कळेना.

अक्काला ठाऊक होतं. शेंगा निवडता निवडता म्हणाली, "अगं, बायकांच्या हातात पोराचा मोबाईल असतोय. पण नंबर टाकत्यात मालकाचा, तेवढाच पाठ असतोय. आकडे जात्यात शेतात. त्यांनी बघून सांगेस्तवर टाइम सपतोय."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. फोनवर." मग सहज म्हणाली, "तू इचारलं असतंस तर तुलाबी सांगितलं असतं."

माझ्या स्वतःच्या आईला वडिलांचाच नंबर तेवढा पाठ आहे. मला हे कळायला कुणाची गरज नव्हती. लॉगिनची सक्ती काढायला अर्धा दिवस पुरला असता. मी आठ दिवस काढली नाही. काढली असती तर दहावी शिकलेल्या बाईचं ऐकून काढली, असं झालं असतं. अशी मी.

नवव्या दिवशी संध्याकाळी आईचा फोन आला. म्हणजे वडील फोन घेऊन शेतातून परतले होते.

"अगं, चटणी लई झाली. चार पाकिटं! आन बिनलसणाची. मला वाटलं, पोरीला ध्यानात ऱ्हायलं."

माझी आई माळकरी आहे, कांदा-लसूण खात नाही. चटणी कसली ते मला कळेना. विचारलं तेव्हा म्हणाली, जीपवाल्यानं आणून दिली, मुरूमहून आली म्हणाला. मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तपासायच्या ऑर्डरी मी अक्काच्या फोनवरून पुसल्याच नव्हत्या.

फोन तसाच हातात धरून स्वयंपाकघरात गेले. "अक्का, माकणीला चटणी तुम्ही पाठवली?"

"व्हय. तूच मागितली की." ती भाकरी थापत होती. "चार-चार येळा मेसेज आला. मला वाटलं, तुला तोंडानं मागायला अवघड वाटतंय, म्हणून वेबसाइटवरून मागती. मग कशाला इचारायचं? तुज्या आईसाठी लसूण न घालता येगळी कुटली, त्यातच येळ गेला. तुज्या लग्नात त्यांनी नुसता भात खाल्ला हुता, तवाच बघितलं मी."

लग्नात मी माझ्याच फोटोंत गुंतले होते. आई काय जेवली, ते मी बघितलं नव्हतं. अक्कानं बघितलं होतं. मला लाज वाटली आणि लाजेच्या जोडीला तोच जुना हेवाही वाटला, पूर्वीपेक्षा जास्त. आतापर्यंत निदान आई तरी माझी एकटीची होती.

तेवढ्यात फोनमधून आई म्हणाली, "तुज्या जावंनं केली व्हय? दे तिला फोन."

मी फोन अक्काच्या पिठाळ हातात दिला आणि खोलीत आले. लॉगिनची सक्ती काढली. पानाच्या अगदी वर, चटणीच्या फोटोच्याही वर, तिचा नंबर मोठ्या अक्षरात टाकला. स्वयंपाकघरात दोघी हसत होत्या. कशाला हसत होत्या ते मी अजून विचारलेलं नाही. माझं काम उरकलं तरी त्यांचं बोलणं चाललंच होतं, आणि मी माझाच फोन मोकळा व्हायची वाट बघत दाराशी उभी राहिले.