बॅटरीवाल्या सावळारामची सरूबाई

शिनोलीच्या रस्त्यावर सावळारामचं बॅटरीचं दुकान आहे, आणि दुकानापेक्षा त्याचं तोंड जास्त प्रसिद्ध आहे. कुणी बिडी ओढत पायरी चढला की तो आतूनच खेकसायचा, "आरं ए, विझव आधी! धुरळा करतो का आमचा?" चार्जिंगला लावलेल्या बॅटरीतून गॅस सुटतो, त्याला ठिणगी पुरते. म्हणून खिडकी सताड उघडी, आणि चार्जर बंद केल्याशिवाय त्याच्या वायरीच्या चिमट्याला हात लावायचा नाही. डिंभ्याच्या धरणातली लाँच असो की घोडेगावची जीप, सगळ्यांना हाच कायदा. माणूस खडूस, पण काम चोख, त्यामुळे बोलणी खाऊनही लोक त्याच्याकडेच येत.

सगळ्यात जास्त बोलणी खायची त्याची बायको सरूबाई. ॲसिडचे कॅन तिनं उचलायचे, बॅटरीची गंजलेली टोकं गरम पाण्यानं तिनं घासायची, आणि गिऱ्हाइकांसमोर "हिला काय कळतंय" हेही तिनंच ऐकायचं. ते तिच्या अंगवळणी पडलं होतं. पडायला नको होतं.

एक गोष्ट मात्र सावळारामच्या कायद्यातून सुटली होती. दुकान उघडलं की पहिली उदबत्ती लेण्याद्रीच्या गणपतीला, आणि तसबीर टांगलेली चार्जिंगच्या टेबलाच्या वर. बिडी म्हणजे विस्तव. देवाची उदबत्तीही विस्तवच, हे नवराबायकोच्या डोक्यात कधी आलंच नाही. खिडकी उघडी असायची, म्हणून निभून गेलं.

मग गेल्या हिवाळ्यात शेजारच्या गेणभाऊच्या पडवीतून बिबट्यानं कुत्रं उचललं. त्या संध्याकाळी सावळारामनं शटर ओढलं, खिडकीही लावून घेतली. आत धरणात लाँच चालवणाऱ्या सुदर्शनच्या बॅटऱ्या चार्जिंगला होत्या.

"अवो, खिडकी ऱ्हाऊ द्या उघडी. चार्जर चालू हाय," सरूबाई म्हणाली.

"आन् वाघ शिरला म्हंजी? तुझा बाप येनार हाय का सोडवायला? मला शिकवू नको. जेवल्यावर करतो चार्जर बंद."

तो जेवला आणि आडवा झाला. चार्जर तसाच चालू राहिला.

सकाळी घरातल्या दारानं सरूबाई दुकानात आली. चार्जर बंद असणार, असंच ती धरून चालली होती. नवऱ्यानं सांगितलं होतं ना. बॅटऱ्यांवरून वाकून तिनं तसबिरीपुढं काडी ओढली. मोठा आवाज झाला, एका बॅटरीचं झाकण फुटून उडालं आणि सगळं ॲसिड तिच्या तोंडावर आलं. सावळाराम धावला, तिला फरफटत नळाखाली नेलं, बादल्यांवर बादल्या ओतल्या. एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. पण डोळे गेले ते गेलेच, दोन्ही.

दवाखान्यात भेटायला येणाऱ्याला तो बाहेरच्या बाकावर बसून सांगायचा, "वाघाच्या भ्यानं हिनं खिडकी लावली, मला पत्ताच न्हाई." आत खाटेवर सरूबाईला ते स्पष्ट ऐकू यायचं. पहिल्या दिवशी तिला वाटलं, माणूस घाबरलाय, घरी गेल्यावर खरं बोलेल. घरी गेल्यावर तो तेच बोलत राहिला.

आता तो रोज तिला हाताला धरून दुकानात आणतो आणि दारापाशी खुर्चीवर बसवतो. कुणी बिडी घेऊन आला की खेकसत नाही. "सरू, चष्मा काढ," एवढंच म्हणतो. ती काळा चष्मा काढते. समोरच्याच्या हातातली बिडी आपोआप गळून पडते. "बघा, खिडकी लावल्याव काय व्हतं ते," तो म्हणतो. तेव्हा तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटतं, पण चष्मा काढायला ती कधी नाही म्हणत नाही.

परवा सुदर्शन लाँचची नवी बॅटरी घेऊन आला. बिचारा अजून हळहळतो. तिच्याजवळ बसून त्यानं विचारलं, "काकू, तुमी तर इतक्या जपून ऱ्हायच्या. खिडकी कशी काय लावली वो तुमी?"

टेबलापाशी बॅटरीत पाणी ओतत असलेला सावळाराम थांबला. पाण्याचा आवाज बंद झालेला सरूबाईला कळला. खरं जिभेच्या टोकावर आलं होतं. पण खरं बोलून झाल्यावर संध्याकाळी घरात हाताला धरून कोण नेणार, ताटात भाकरी कोण वाढणार?

"भ्या वाटलं बाबा वाघाचं," ती म्हणाली.

"किती येळा सांगितलं व्हतं मी हिला," सावळाराम म्हणाला, आणि पुन्हा पाणी ओतायला लागला.