येतो, शेठजी

माझा नवरा भैयालाल कारध्याच्या राईस मिलमध्ये मशीन चालवायचा. मागच्या वर्षी त्याला पुलापलीकडे, भंडाऱ्याच्या नव्या मिलमध्ये काम मिळालं. नोकरी सोडली तरी संबंध तुटू नयेत, म्हणून तो शेठजींच्या पाया पडला आणि निघताना सगळे म्हणतात तसंच म्हणाला, "येतो, शेठजी."

शेठजींनी तो शब्द पक्का धरला. पट्टा तुटला की फोन, चाळणी अडकली की फोन. "काहून रे, येतो म्हणून गेलता ना?" दिवसभर तिकडे राबून हा संध्याकाळी इकडे शिरतो. कोंड्यानं पांढरा होऊन घरी येतो आणि ताटावरच पेंगतो. नवा मालकही आता तिरपं बघतो.

परवा माझं डोकं फिरलं. "कायले मरून राहिले रोज? तोंडावर सांगा, मी चाललो, आता येत नाई." त्याचा भरवसा नव्हता, म्हणून मीही सोबत गेले.

शेठजी खुर्चीत बसले होते, थकलेले, पायावर सूज. भैयालाल दारातच थांबला. "शेठजी, मी जा..." म्हणाला आणि अडकला. म्हाताऱ्या माणसासमोर तो शब्द त्याच्या तोंडून निघेना.

"येतो, शेठजी," तो शेवटी म्हणाला.

"हो," शेठजी म्हणाले, "उद्या जरा लवकर ये."