नववी ‘क’चा तास

मी पी.टी.ची मॅडम आहे. हे मी ठणकावून सांगते, कारण बाकीचे लोक ते जरा दबक्या आवाजात सांगतात, जणू मला काही झालंय. मुलं रांगेत उभी राहीनाशी झाली की मला हाक येते. नखं तपासायची मी, सव्वीस जानेवारीला माइकवर ‘सावधान’ ओरडायचं मी, पाहुणे आले की लेझीम बसवायची तीही मीच. आणि माझा तास मात्र ज्याचा पोर्शन मागे पडला असेल त्याचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तसे आमच्या स्टाफरूममध्ये बरेच आहेत. “मॅडम, आज तुमचा तास घेऊ का?” असं विचारायला येतात तेव्हा त्यांच्या हातात खडू आधीपासून असतो.

आमची शाळा चिखलीत आहे. एका कुंपणापलीकडे पत्राकामाची वर्कशॉप्स, दुसऱ्या कुंपणापलीकडे नवी सोसायटी, तिच्या बाल्कन्यांमधून लोक चहा पीत आमचा खेळ फुकट बघतात. वर्कशॉपमधल्या प्रेसचा ठोका दिवसभर चालू असतो, त्याच्यावर बोलून बोलून माझा आवाज असा झालाय. घरीही मी असंच बोलते. नवरा म्हणतो, आता फक्त शिट्टी गळ्यात घालून जेवायला वाढायची राहिलीय.

नववीच्या तीन तुकड्या. त्या कशावरून पाडतात हे कुणी तोंडानं सांगत नाही आणि सगळ्यांना माहीत असतं. ‘क’मध्ये बहुतेक पोरी भाड्याच्या खोल्यांमधल्या. कुणाचे वडील चाकणला शिफ्टमध्ये, कुणाची आई पॅकिंगला. घटक चाचणीत त्यांचे गुण कमी, म्हणून वर्गात त्यांच्याशी सगळे एकतर ओरडून बोलतात नाहीतर बोलतच नाहीत. मी त्यांना खो-खो शिकवायला घेतला. खांब नव्हते. एका पोरीच्या वडिलांनी वर्कशॉपमध्ये दोन पाइप घासून घासून इतके गुळगुळीत करून दिले, की मी स्वतः त्यांच्यावरून हात फिरवून बघितला.

पहिले काही तास मी त्यांना नुसतं बसायला शिकवलं. हसू नका. खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाची एकच पळत असते, बाकीच्या रांगेत बसलेल्या असतात, एक इकडे तोंड करून, एक तिकडे. पंजांवर भार, हात जमिनीला, टाचा उचललेल्या. मागून पाठीवर हात पडून ‘खो’ ऐकू आला की उठायचं, त्याआधी नाही. समोरून विरुद्ध संघाची पोरगी नाकाला ओढणी लावून गेली तरी उठायचं नाही. आणि बसल्या बसल्या डोळे उघडे ठेवायचे. कोण कुठून वळते, कोण दमली, कोण फक्त दमल्याचं नाटक करते. मी अधूनमधून खेळ थांबवायचे आणि एखादीला विचारायचे, “तुला काय दिसलं?” आधी कुणी बोलेना. त्यांना वाटायचं, चुकीचं उत्तर दिलं की बाकावर उभं करणार.

पहिलं उत्तर दिलं लातूरकडच्या एका पोरीनं. ती वर्षभरापूर्वी इकडे आली होती, अंगानं जाड, पळायला मंद, आणि वर्गात तिचा ‘हजर’सुद्धा शेजारणीला सांगावा लागायचा. तिच्या बोलण्याला आधीच्या वर्गात सगळे हसले होते, तेव्हापासून तिनं तोंडच मिटून घेतलं होतं. मी तिला विचारलं तेव्हा मला उत्तराची आशा नव्हती. ती मातीत बोट फिरवत म्हणाली, “ती समोरची दर बारीला डावीकडंच वळायलीय. खो जरा दमानं दिला तर ती सापडंल.” आम्ही खो दमानं दिला, आणि ती सापडली. त्या दिवसापासून ती पोरगी मैदानावर बोलू लागली. तीस-चाळीस पोरींमध्ये तिचा आवाज मला ओळखू यायचा. मला त्याचा किती आनंद व्हायचा, ते मी कुणाला सांगितलं नाही. आमच्याकडे पी.टी.च्या मॅडमला आनंद झाला तर लोक विचारतात, ट्रॉफी मिळाली का?

एका तासाला आमचे संस्थेचे सेक्रेटरी कुंपणाशी येऊन उभे राहिले. त्यांना सगळे तात्या म्हणतात. मूळ गावातलं जुनं घर, जमिनी होत्या, त्यातल्याच एका तुकड्यावर त्यांच्या वडिलांनी शाळा काढली. माणूस दिलदार आहे, ते नाकारणार नाही. पण आपल्याला सगळं कळतं असं वाटणाऱ्या दिलदार माणसाइतका त्रास दुष्ट माणूससुद्धा देत नाही.

“आवं मॅडम,” ते म्हणाले, “ह्या पोरी तर निवांत बसल्यात की. बसायचा पगार देतो व्हय आमी?”

“बसायलाच शिकवतेय, तात्या.”

“खेळ काय शिकवायचा असतो? आमी इंद्रायणीच्या काठाला खेळलो, कुनी मास्तर न्हवता. ज्याच्यात हाय त्याच्यात हाय. न्हाई त्यानं गणित करावं.”

त्याच आठवड्यात वेळापत्रकावर नवा कागद चिकटला. नववी ‘क’चे शारीरिक शिक्षणाचे दोन्ही तास गणिताला. ‘अ’चे आणि ‘ब’चे जागच्या जागी. मुख्याध्यापिका बाईंना तात्यांचा शब्द म्हणजे पडत्या फळाची आज्ञा. मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. त्या म्हणाल्या, “मॅडम, समजून घ्या. रिझल्ट लागला नाही तर पालक मलाच विचारणार.”

“मी नाही समजून घेणार,” मी म्हणाले. “समजून घ्यायचं कंत्राट मी एकटीनंच घेतलंय का?”

तिथे तात्या बसलेले होते. मी तोंडाला येईल ते बोलले, आणि त्यातलं एक वाक्य लागू पडलं. मी म्हणाले, “खेळ शिकवावा लागत नाही ना? मग शनिवारी सगळा स्टाफ मैदानात उतरू दे माझ्या ‘क’च्या पोरींविरुद्ध. तुम्हीही या, तात्या. तुम्ही तर नदीकाठचे.”

मुख्याध्यापिका बाईंचा चेहरा पडला. तात्यांचा मात्र उजळला. त्यांना कुणी ललकारलं नव्हतं कितीतरी दिवसांत. “होऊन जाऊ द्या!” म्हणत त्यांनी मांडीवर थाप मारली.

शनिवारी अर्धी सोसायटी बाल्कनीत आली. आधी स्टाफनं पाठलाग करायचा होता. विज्ञानाचे सर रोज जिमला जातात, ते बनियनसारखा टी-शर्ट घालून आले होते. मराठीच्या बाईंनी साडीचा पदर खोचला. गणिताचे सर बूट काढून, मोजे घडी करून खिशात ठेवून बसले. तात्या मधल्या चौकोनात, पांढऱ्या कपड्यांत.

शिट्टी वाजली आणि जे झालं ते मी आयुष्यभर पुरवून पुरवून आठवणार आहे. एक पोरगी गणिताच्या सरांच्या समोरून, अगदी हातभर अंतरावरून गेली, आणि सर ताडकन उठले. खो नव्हता. फाऊल. दुसरी मराठीच्या बाईंसमोरून गेली, बाई “अगं थांब!” म्हणत उठल्या. फाऊल. जिमवाले सर इतक्या जोरात पळत होते की वळायची जागा गेल्यावर त्यांना वळायचं आठवायचं. पोरी त्यांना रांगेतून अशा फिरवत होत्या की शेवटी ते खांबाला धरून उभेच राहिले. तात्यांनी एकीचा हात धरला, खरंच धरला, पण तेही खो न मिळताच उठले होते. “आवं, हातात आली व्हती की!” ते ओरडले. “तुम्हाला खो कुठं होता?” माझ्या आधी बाल्कनीतूनच कुणीतरी ओरडलं. डाव संपला तेव्हा एकही पोरगी बाद झाली नव्हती. बसणं सोपं नसतं, हे त्या दिवशी निम्म्या स्टाफच्या गुडघ्यांना कळलं.

मग पोरी बसल्या आणि स्टाफ पळायला उतरला. बाकीचे पटापट गेले. तात्या टिकले. वय झालं तरी अंगात खेळ होता, खोटं कशाला बोलू. रांगेतून आत-बाहेर होत त्यांनी दोन-तीन पोरींना सहज हुकवलं, बाल्कनीतून टाळ्याही घेतल्या. त्यांचा मिशीला पीळ देण्याचा थाट बघून मी दात-ओठ खात होते. तेवढ्यात मला दिसलं, लातूरची पोरगी मान न हलवता शेजारणीशी कुजबुजतेय. शेजारणीनं मान डोलावली. ते पुढे पसरलं. पाठलाग करणारी पोरगी तिच्या मागे आली, हात उचलला, आणि खो दिलाच नाही, थांबली. तात्या वळले. तेव्हा खो पडला. ती मंद पोरगी उठली, एकच पाऊल टाकलं, हात पुढे केला, आणि तात्या स्वतःहून त्या हातावर येऊन आदळले.

सगळीकडे ओरडा झाला. तात्या धापा टाकत हसत होते. “कसं गं पकडलंस?” त्यांनी विचारलं.

ती खाली बघून म्हणाली, “तुमी दर बारीला उजवीकडंच वळताव. उजव्या गुडघ्यावर भार देतच न्हाईत. मला दिसलं.”

तात्यांनी सगळ्या पोरींना वडापाव दिले. मला म्हणाले, “मॅडम, मानलं राव तुमाला.” मी मूर्खासारखी त्या रात्री सुखानं झोपले.

सोमवारी वेळापत्रकावरचा कागद तसाच होता. वडापाव देऊन तोंडाला पानं पुसली होती. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, “तात्या म्हणाले, खेळ झकास झाला, पण गणित ते गणित.” तेव्हा माझं डोकं फिरलं. हरलो असतो तर मी समजू शकले असते. आम्ही जिंकलो होतो.

घंटा झाली तशी मी नववी ‘क’च्या दारात जाऊन उभी राहिले. गणिताचे सर फळ्यावर तारीख लिहीत होते. “सर, हा माझा तास आहे.”

“मॅडम, मला वरून सांगितलंय,” ते कसनुसं म्हणाले. त्यांचाही दोष नव्हता. पण मी दारातून हलले नाही. मला हलवायचं तर ढकलावं लागलं असतं, आणि ते कुणी करणार नाही याची मला खात्री होती. शेवटी शिपाई कुणाला तरी सांगायला पळाला आणि मुख्याध्यापिका बाई आल्या. त्यांच्या मागोमाग तात्या, ऑफिसात चहाला आले होते म्हणे.

“मॅडम, मुलींसमोर हे काय चालवलंय?” बाई दबक्या आवाजात म्हणाल्या. “तुमच्यावर मेमो काढावा लागेल मला.”

“काढा. टाइप करायला वेळ नसेल तर मीच लिहून देते.”

“तुम्हाला यांच्या भल्याचं काही आहे की नाही? गणितात नापास होऊन खो-खो खेळत बसणार आहेत का या?”

त्यावर माझ्याकडे उत्तर होतं, चांगलं झणझणीत होतं. पण ते तोंडातच राहिलं, कारण शेवटच्या बाकावरून कुणीतरी उठल्याचा आवाज झाला. लातूरची पोरगी उभी होती. वर्गात, चार भिंतींच्या आत, जिथे तिचा ‘हजर’ही दुसरीनं सांगायचा असतो. बाकाची कड तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरली होती आणि सगळा वर्ग वळून तिच्याकडे बघत होता.

“काय गं?” बाई म्हणाल्या.

पोरगी बाईंकडे बघत होती. मग तात्यांकडे. तिनं आवाज बारीक केला नाही.

“तास काढायचा झाला की तुमी दर बारीला ‘क’ तुकडीकडंच वळताव,” ती म्हणाली. “‘अ’कडं कधीच न्हाई. मला दिसलं.”

यावेळी तिच्या बोलण्याला कुणी हसलं नाही. मुख्याध्यापिका बाईंनी तात्यांकडे बघितलं. तात्यांचा हात हळूच उजव्या गुडघ्यावर गेला, आणि तो तिथंच राहिला.

मी कुणाच्या होकारासाठी थांबले नाही. व्हरांड्यात शिट्टी वाजवली आणि माझ्या पोरी खाली घेऊन गेले.