कोकोवर चालणारी इर्मा

इर्मा तेलेस्फोर्ड एकोणचाळीस वर्षं कोकोवर चालत होती. ग्रेनाडातल्या त्या मळ्यात आंबवलेल्या बिया रुळांवरून सरकणाऱ्या, चाकांच्या मोठाल्या लाकडी ट्रेमध्ये उन्हात पसरत आणि दर अर्ध्या तासाने ती अनवाणी, पाय न उचलता, त्यांतून सरकत जाई. खालची बी वर, वरची खाली. कुठल्या कोपऱ्यात ओल राहिली आहे, ते तिच्या तळव्यांना कळे.

वादळाने जायफळाची झाडं झोपवली, तेव्हा शेजारच्या बायका हॉटेलांत चादरी बदलायला गेल्या. इर्मा राहिली. पण यंदा मालकाने स्पष्टच सांगितलं होतं: पर्यटकांच्या बोटीचे पाहुणे मळा बघायला येणार असतील, तरच वाळवण चालू ठेवीन. त्या बुधवारी बोटकंपनीची एक बाई मळा पारखायला आली, सोबत तीस पाहुणे. त्यांना घेऊन आला होता इर्माचा भाचा केर्विन.

बस थांबली, तेव्हा इर्मा डोंगराकडे बघत होती.

"केर्विन, पावसाची सर येतेय. ट्रे छपराखाली ढकल."

"टँटी, दहा मिनिटं थांब! आत ढकलले तर यांना दाखवू काय, रूळ?"

"भिजले तर बुरशी दाखव."

"अगं, ती बाई नाही म्हणाली तर मळा बंद होईल!"

"होऊ दे. माझ्या हातून कोको भिजणार नाही."

तिने ट्रेला खांदा लावला. तो हलेना. मग ती पाहुण्यांवरच ओरडली, "बघत काय उभे राहिलात? हात आहेत ना? ढकला!"

एक उंच म्हातारा पुढे झाला, मागोमाग सगळेच. शेवटचा ट्रे आत गेला आणि सर कोसळली. केर्विन डोकं धरून बसला.

कंपनीची बाई मात्र भिजून हसत होती. "हे ढकलणं दर बुधवारी ठेवता येईल?"

"दर बुधवारी ये म्हणून पावसाला निरोप धाडू?"

"पाऊस नसला तरी चालेल."

चांगल्या उन्हातलं वाळवण आत ओढायचं? असला वेडेपणा इर्माने जन्मात केला नव्हता. तिने छपराखालच्या मूठभर बिया उचलून चाचपल्या.

"ढकलू देत," ती शेवटी म्हणाली. "पण ट्रे बाहेरही त्यांनीच काढायचे. आणि लगेच."

आता दर बुधवारी लख्ख उन्हात तीस माणसं कोको सावलीत नेतात, फोटो काढतात आणि परत उन्हात आणतात. इर्मा कडेला उभी राहून सूर्याकडे बघते. बस गेली की चपला काढून बियांत उतरते. त्या दिवशी तिला दोन फेऱ्या जास्त घालाव्या लागतात.