गाडीच्या अंगावरची मखमल

खटकचिंचोळीचे मोटार भरणारे अण्णा त्या सकाळी शेतात आले नसते, तर आज हे लिहायला मी उरले असते की नाही, ठाऊक नाही. काकू तर नक्कीच उरल्या नसत्या. म्हणून आधी त्यांचंच सांगते. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. मोटार भरणं म्हणजे विहिरीवरच्या पंपाची जळालेली मोटार खोलायची आणि आत तांब्याची नवी तार गुंडाळायची. हेच काम करत त्यांचे केस पिकले. बोटं वार्निशनं पिवळी पडलेली, कपाळावर विभूती, पायात जाड रबरी बूट. भर उन्हातही ते बूट काढत नसत, आणि त्याचं मला पहिल्यांदा हसू आलं होतं.

मी कोकणातली, खाडीकाठची. आठवीत शाळा सुटली, मग लोकांची आजारी माणसं सांभाळत पुण्यापर्यंत आले. काकूंकडे तिसरं वर्ष. त्यांचे गुडघे गेलेले, साखर वाढलेली. काकांनी निवृत्तीनंतर हौसेनं एक जुनी घरगाडी घेतली. मिनीबसच्या सांगाड्यावर कुणीतरी वीसेक वर्षांपूर्वी बांधलेली. आत दोन पलंग, एवढासा ओटा, पाण्याची टाकी, फ्रिज, पंखा, सगळं. काकूंचं माहेर बिदरकडच्या दुबलगुंडीचं. भावाच्या घराला उंच पायऱ्या, त्या चढवत नाहीत, म्हणून हिवाळाभर आम्ही गाडीच त्यांच्या शेतात नेऊन उभी केली. विहिरीवरच्या खोलीतून दोन तारांची लांब वायर ओढली आणि गाडीत दिवे लागले.

ते दिवस मला अजून अर्धे झोपेतले वाटतात. पहाटे जाग आली की आपण कुठं आहोत हेच कळायचं नाही. खिडकीबाहेर ज्वारी धुक्यात उभी, तिची कणसं तेवढी वर तरंगणारी. तूर वाळत चाललेली, शेंगा वाऱ्यानं खुळखुळायच्या आणि मला वाटायचं, खाडीवर होडी हलतेय. गाडी हलत नव्हती, तरी मला ती कुठंतरी निघालेली भासायची. मी खाली उतरायचे, चपला घालायचे आणि गाडीच्या कडेनं चालताना बोटांची मागची बाजू तिच्या पत्र्यावरून फिरवायचे. काही सकाळी तो पत्रा मखमलीसारखा लागायचा. अगदी मऊ, बारीक लव असलेला, गाईच्या मानेवरून हात फिरवावा तसा. काही सकाळी मात्र नुसताच गार पत्रा. मला वाटायचं, दव पडलं की असं होत असेल. खरं सांगायचं तर मला ती मखमल आवडायची. इतक्या लांब, भाषाही निम्मीच कळणाऱ्या मुलखात, एक गाडी मला ओळखते असं वाटायचं.

मग मुंग्या सुरू झाल्या. दाराजवळची दांडी धरली की मनगटापर्यंत झिणझिणायचं. काकूंनाही व्हायचं. खुर्ची टाकून उन्हात बसल्या आणि दांडीला हात लावला की त्या म्हणायच्या, "पोरी, हाताला मुंग्या यायल्यात गं. साखर वाढली वाटतं." माहेरी आल्यापासून त्यांचं पुण्याचं बोलणं गळून पडलं होतं. काकांनी फोनवरून डॉक्टरांना विचारून गोळी वाढवली. मला साखर नाही. मग मला काय झालं असेल? आमच्या आईला वाताचे झटके यायचे. मी रात्रंदिवस तोच विचार करायचे. सांगितलं तर काका म्हणतील, हिलाच सांभाळायला आता दुसरी बाई ठेवायची का? आणि मला परत पाठवतील. म्हणून बारा-तेरा दिवस गप्प राहिले.

येळवस दोन दिवसांवर आली. वेळ अमावस्या म्हणा, इथं येळवस म्हणतात. त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे शेतात जातात, कडब्याच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, पाच दगडांचे पांडव मांडून पुजतात, पालेभाज्या-दाण्यांची भज्जी आणि आंबील जेवतात. काकूंना बापाच्या शेतात अनवाणी पूजा करायची होती. अठरा वर्षांनी. त्यांनी मला दहादा बजावलं होतं, "चपला नकोत बग पायात त्या दिवशी. दांडी धरून मी आपली हळूहळू उतरते." तीस-चाळीस माणसं येणार होती, पोरंबाळं वेगळी, आणि प्रत्येकाला गाडीचं घर आतून बघायचं होतं.

त्या सकाळी मी सणाचा म्हणून मोठा सडा घालायचं ठरवलं. एरवी दारापुढं एक गोणपाट असायचं. त्यावर चपला काढायच्या आणि वर चढायचं, कारण घर आहे, घरात चपला कशा न्यायच्या? त्या दिवशी गोणपाट उचललं, शेणसडा चांगला चार पावलं रुंद शिंपडला, रांगोळीची चार बोटं ओढली. विहिरीवर अण्णा भरलेली मोटार बसवत होते. काका त्यांच्यापाशी उभं राहून सूचना करत होते. अण्णांनी पाणी मागितलं. मी तांब्या आणायला म्हणून चपला बाजूला काढल्या, ओल्या सड्यावर अनवाणी पाय ठेवला, आणि सवयीनं बोटांची मागची बाजू पत्र्याला लावली.

कुणीतरी दंडावर लाकूड हाणावं तसं झालं. मी मागं फेकले गेले ते थेट रांगोळीवर. काही क्षण आवाज नव्हता. आभाळ फार निळं होतं आणि त्यात एक घार अगदी सावकाश गोल फिरत होती, एवढंच मला आठवतं.

उठले तेव्हा अण्णा समोर होते. मी म्हटलं, "काही नाही, चक्कर आली."

"चक्कर आल्यालं माणूस हात झटकतं व्हय, अक्का?" ते म्हणाले. मग गाडीकडं बघत ओरडले, "कुणी गाडीला शिवू नका! काकू, हाय तिथंच बसा, खाली पाय टाकू नका!"

काकू आतून म्हणाल्या, "चहा ठेवलाय की मी."

"चहाला काय व्हत न्हाई. आत असाल तवर तुमाला बी काय व्हत न्हाई. उतरू नका फकस्त."

काका तांबडे झाले होते. "अहो, मी टेस्टर लावून बघितलंय. बॉडीत करंट नाही."

"कवा बघितलं?"

"आलो त्या दिवशी."

अण्णांनी पिशवीतून एक होल्डर काढला, त्यात बल्ब, त्याला दोन लांब वायरी. माझ्या सड्याच्या ओलीत फावडं रोवून एक टोक त्याला बांधलं. दुसरं टोक चिमट्यानं धरून गाडीच्या दांडीला टेकवलं. बल्ब पेटला. भर उन्हात, कुठल्याही बोर्डाला न जोडलेला, गाडी आणि मातीच्या मधोमध तो पिवळा उजेड मंद जळत राहिला. इतकं भयंकर असून ते मला सुंदर दिसलं, हे कुणाला सांगायची अजून लाज वाटते.

अण्णा विहिरीच्या खोलीत गेले, आमची पिन काढली आणि उलटी करून लावली. बल्ब विझला.

"आता?" काका म्हणाले.

"आता समजलं. तुमचा भाचा फवारणीचा पंप चार्ज करायला ही पिन काढतो की न्हाई?"

"काढतो. एकच तर सॉकेट आहे."

"परत लावताना त्याच्या मनाला यील तशी लावतो. दोनच पिना, कशी बी बसती. एका बाजूनं लावली तर गाडी गरीब. दुसऱ्या बाजूनं लावली तर सगळा पत्रा जिवंत."

काकांचा चेहरा उजळला. "मग सोपं आहे. असंच राहू द्या, पिनेवर खडूनं खूण करू."

"काका, तुमी शिकल्यालं माणूस. परवा येळवस हाय. नुसता फवारणीचा पंप न्हाई, कुणी मोबाईल लावायला यील, कुणी गाणी लावायला. ते खूण बगत बसतील का आधी जेवायला पळतील?"

आतून काकूंचं हसणं ऐकू आलं. "बरूबर बोलायलेत अण्णा. आमच्या घरची माणसं हायेत ती."

मग अण्णांनी मेन बंद केला, बल्ब पुन्हा लावून खात्री केली, आणि आत शिरले. बुटांसकट. काकूंच्या पलंगाखालची फळी काढली. तिथं बॅटरीची काळी तार गाडीच्या सांगाड्याला बोल्टनं आवळलेली होती, आणि त्याच बोल्टखाली विहिरीकडून आलेल्या लाईनची एक तारही दाबलेली.

"हे बगा," त्यांनी काकांना वाकवून दाखवलं. "गाडीचं वायरिंग करणाऱ्यानं केलंय हे. गाडीत काय असतंय, एक तार दिव्याला न्यायची, परतीचा रस्ता पत्र्यातनं. बॅटरीला ते चालतंय, बारा व्होल्ट. त्यानं तोच हिशोब घरच्या लाईनीला लावला. वाईट माणूस नसल. सवय."

मी दारातूनच विचारलं, "मग फ्यूज का गेला नाही?"

अण्णांनी माझ्याकडं नीट बघितलं. "चांगलं इचारलीस. गाडी रबराच्या टायरवर उभी. जमिनीला कुठं शिवत न्हाई. करंटला जायला वाटच न्हाई. तू वल्ल्यावर पाय दिलीस, हात लावलीस, की तू वाट झालीस." थोडं थांबून त्यांनी आपली मूठ आवळून दाखवली. "उलटा हात लावलीस म्हणून झटका बसून सुटलीस. मूठ धरली असतीस तर ती उघडली नसती."

मला एकदम काकू दिसल्या. अनवाणी, ओल्या सड्यावर एक पाय, आणि दोन्ही हातांनी, पडू नये म्हणून घट्ट, ती दांडी धरलेली. मी तिथंच खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं. मखमल, मुंग्या, बारा-तेरा दिवस, आईचे झटके, सगळं.

अण्णा म्हणाले, "ती मखमल न्हाई अक्का, करंट व्हता. आन् कामून सांगितलं न्हाईस?"

"वाटलं मलाच काहीतरी झालंय. मला यातलं काय कळतं? आठवीत शाळा सोडली."

"मी सहावीत." ते हसले. "करंट काय दाखला बगून लागतो व्हय? अंगाला लागलं की बोलायचं. चुकलं तर चुकलं. लोक हसतील, दुसरं काय?"

ती तार त्यांनी बोल्टखालून सोडवली आणि वेगळी बांधली. दुसऱ्या दिवशी तीन तारांची वायर घेऊन आले. विहिरीजवळ खड्डा खणला, त्यात तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, पाणी असं सगळं भरलं आणि तिथून हिरवी तार गाडीच्या अंगाला आणून जोडली. तीन पिनांचं सॉकेट बसवलं, म्हणजे उलटं लागायलाच नको. विहिरीच्या खोलीत, करंटची गळती झाली की आपोआप पडणारा एक स्विच लावला. त्याला छोटं बटण होतं. "दाब," मला म्हणाले. मी दाबलं, खाडकन आवाज आला आणि मी उडालेच.

"घाबरू नकोस. पडला म्हणजे जागा हाय. म्हयन्यातनं एकदा दाबायचं. ज्या दिवशी पडणार न्हाई, त्या दिवशी घाबर."

काका हळूच म्हणाले, "हे काम माझ्याकडे द्या."

"न्हाई," काकू आतून म्हणाल्या. "तिच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

तेव्हापासून ते बटण माझं. गाडी नव्या जागी लागली की आधी बल्ब आणि फावडं घेऊन मीच उतरते, काकूंना नंतर उतरवते. पत्रा आता रोजच नुसता गार लागतो. एखाद्या धुक्याच्या सकाळी हात फिरवताना त्या मखमलीची आठवण येते, आणि मग अंगावर काटा.

येळवशीला अण्णा आपल्या घरच्यांना घेऊन आले. काकू उतरल्या तेव्हा मी दोन पायऱ्या खाली, श्वास धरून. एक पाय ओल्या मातीवर, दोन्ही मुठी दांडीवर. काही झालं नाही. त्यांनी माती कपाळाला लावली, कोपीपर्यंत चालत गेल्या, पांडवांना आंबील वाहिली, आणि रडल्या. सगळीकडं माणसं ओरडत शेताला आंबील शिंपडत होती. ऊन पातळ होतं, करडईच्या पानांवर धूळ चमकत होती, सगळं लांबून बघितल्यासारखं.

जेवताना अण्णा माझ्या पंगतीला होते. भज्जीचा घास थांबवून त्यांनी विचारलं, "अक्का, तुमच्याकडं समुद्राला आवाज असतो म्हणतेत, दिवसरात्र. मग झोप कशी लागती?"

मी म्हटलं, "आवाज थांबला तर लागत नाही."

ते बराच वेळ मान हलवत राहिले. बिदर, भालकी, हुमनाबाद, गुलबर्गा, यापलीकडं कधी गेलेच नाहीत म्हणाले. मोटारी जळत राहतात, लोक पाण्यावाचून खोळंबतात.

अण्णा, हे तुम्ही वाचाल की नाही, माहीत नाही. नातू वाचून दाखवेल. त्या दिवशी तुम्ही मला एक बल्ब आणि बोलायची हिंमत दिलीत, आणि माझी काकू मला परत दिलीत. एका उन्हाळ्यात, मोटारी कमी जळतील तेव्हा, मी तुम्हांला आणि तुमच्या मंडळींना माझ्या गावी नेणार आहे. मासे तुम्हांला चालत नाहीत, माहीत आहे. घावणे करीन, नारळाचा रस करीन, आणि संध्याकाळी तुम्हांला वाळूत बसवीन. बूट काढायला लावीन, अण्णा. हे मी फेडणार.