चार टायर आणि एअरपोर्टचा रस्ता

गाडी चालवायला मी शिकले बेचाळिसाव्या वर्षी, आणि तेही नाशिकला नाही, कतारला येऊन. यांची नोकरी रास लफानच्या गॅस प्लँटवर आणि आमचं घर अल खोरच्या कंपनी टाउनशिपमध्ये. हे कंपनीच्या बसने जायचे, त्यामुळे आमची छोटी पांढरी गाडी दिवसभर दारात उन्हात उभी. लेक तेव्हा सातवीत होती. दर शनिवारी तिचा नाचाचा क्लास दोह्यात, अल नस्रला. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. तिला न्यायचं कुणी? म्हणून मी शिकले.

तो पाऊण तास मला काय होता ते सांगते. घरात ही मुलगी मोजकंच बोलायची. "शाळेत काय झालं गं?" विचारलं की "नथिंग." संपलं. पण गाडीत बसली की पाच मिनिटांत बोलायला लागायची. समोर रस्ता, दोघींचे डोळे काचेबाहेर, आईच्या चेहऱ्यावर काय उमटतंय ते तिला बघावंच लागत नसे. कुठली मैत्रीण बोलेनाशी झाली, कुठल्या सरांची धास्ती वाटते, हे सगळं मला स्टिअरिंग धरल्याधरल्या कळलं. मी आपली "मग?" एवढंच म्हणायची. त्याहून जास्त बोललं की गप्प बसायची ती, हे मी अनुभवाने शिकले होते.

पुढे ती शिकायला कॅनडाला गेली. वर्षातून एकदा, डिसेंबरात, दहा दिवस यायची. त्या दहातले तीन दिवस झोपेत, चार मैत्रिणींत, उरलेले फोनमध्ये. पोरीला दोष देत नाही हो, तरुण वय आहे. पण माझी म्हणून हक्काची वेळ कुठली, तर एअरपोर्ट ते घर. आधीच्या दोन्ही वर्षी मीच आणायला गेले होते आणि दोन्ही वर्षी ती घर येईपर्यंत अखंड बोलली होती. अकरा महिने मी त्या एका रस्त्याची वाट बघायची. हे कुणाला सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? लोक म्हणतील, बाईला एअरपोर्टचं काय वेड लागलंय!

वर्ल्ड कपच्या तयारीचे दिवस होते ते. अल खोरला तंबूच्या आकाराचं स्टेडियम उभं राहत होतं आणि दोह्याचा रस्ता रोज नवा. काल जिथून वळलो तिथे आज पिवळे अडथळे. वाळूचे ट्रक दिवसभर ये-जा करायचे, मागे वाळू सांडत. वर्षभर पाऊस नाही, त्यामुळे रस्त्यावर तेलाचा आणि धुळीचा थर बसलेला. थंडीत कधीतरी दहा मिनिटं पाऊस पडतो, तेवढ्याने सगळ्या रस्त्याचं लोणी होतं.

आणि नेमकी त्याच थंडीच्या तोंडावर मी एक शहाणपणा केला. पुढचं डावं टायर झिजलं होतं. हे म्हणाले, "नवीन टाकून घे." मी म्हटलं, "नवीन कशाला? डिकीत स्टेपनी आहे की, कोरी करकरीत!" खरंच कोरी होती. गाडी घेतल्यापासून एकदाही रस्त्याला लागली नव्हती, अंगावरची रबराची बारीक लव तशीच होती. आपल्याकडे चांगली वस्तू राखून ठेवायची सवय असते ना, त्यातली मी. डिनर सेट पाहुण्यांसाठी, भरतकामाची चादर लेक येईल तेव्हासाठी. तशी ती स्टेपनी मी इतकी वर्षं जपली होती. मोठ्या ऐटीत लावून घेतली.

आठवड्याने पाऊस आला. मी भाजी घेऊन परत येत होते, गोल चौकाजवळ ब्रेक दाबला आणि गाडी माझं ऐकेना. गिरकी घेऊन उलट तोंडाने फुटपाथला टेकली. टोमॅटो पार पुढच्या काचेपर्यंत. मागचा ट्रकवाला वेळेवर थांबला म्हणून हे लिहितेय. तो उतरून आला, मला पाणी दिलं आणि म्हणाला, "माँजी, टायर देखो. सब टायर देखो."

घरी यांनी ऐकून घेतलं. ओरडले नाहीत, तिथेच मी घाबरले.

"खलास," एवढंच म्हणाले. "ही थंडी संपेपर्यंत तू हायवेला जायचं नाहीस."

"आणि एअरपोर्टला?"

"कंपनीची गाडी सांगतो. ड्रायव्हर आणेल तिला."

"अहो, ड्रायव्हर तिचा कोण लागतो?"

"तू तिची आई लागतेस म्हणूनच सांगतोय. त्या दिवसांत पहाटेपासून धुकं असतं. माझं तिकडे शटडाउनचं, प्लँट बंद ठेवून दुरुस्तीचं काम चालू, मला येता येणार नाही. एकटी जाणार तू, त्या लाकडासारख्या कडक झालेल्या टायरांवर?"

बारा दिवस उरले होते लेक यायला. रात्रभर कूस बदलत होते मी. सकाळी लेकीचा फोन आला तर तिला सगळं सांगितलं. ती हसली. "आई, यू नीड विंटर टायर्स! इथे कंपल्सरी असतात."

झालं. मी तडक अल खोरच्या टायरवाल्याकडे. चार माणसं चहा पीत उभी होती, बाई बघून बाजूला झाली. मालक केरळचा, माझ्याच वयाचा. मी ठसक्यात म्हटलं, "विंटर टायर चाहिए. चार."

त्याने ग्लास खाली ठेवला. "आंटी, बर्फ का टायर? इधर? ऊँट को स्वेटर पहनाएगा क्या?"

सगळे हसले. मीही हसले, काय करणार! पण माणूस भला होता. हसून झाल्यावर त्याने गुडघ्यावर बसून मला शिकवलं. बर्फाच्या टायरचं रबर मऊ असतं, इथल्या उन्हात ते एका मोसमात जाईल. इथल्या थंडीत बर्फ नाही, पाणी आहे आणि धुकं आहे. म्हणून टायर उन्हाला टिकणारं हवं, पाणी बाहेर फेकणाऱ्या खोल सरळ खाचा हव्यात, आणि मुख्य म्हणजे ते ताजं हवं.

"टायर काय भाजी आहे ताजी असायला?" मी विचारलं, अर्थात हिंदीत.

"सब्जी ही समझो," तो म्हणाला आणि माझ्या लाडक्या स्टेपनीवर नख दाबलं. कडेला केसासारख्या भेगा उघडल्या. मग बाजूला कोरलेले चार आकडे दाखवले. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझी कोरी करकरीत स्टेपनी नऊ वर्षांची होती. "चला नहीं, फिर भी बूढ़ा हो गया, आंटी. गरमी में रखा-रखा." बाकीची तीन त्याहून फार तरुण नव्हती.

वापरलं नाही म्हणून ते नवंच राहिलं, असं मी धरून चालले होते.

मग निवड सुरू झाली. मी म्हटलं, रुंद द्या, जास्त पकड येईल. तो नाही म्हणाला; छोट्या हलक्या गाडीला रुंद टायर लावलं तर ते पाण्यावर तरंगतं, गाडीच्या कंपनीने सांगितलेलंच माप घ्यायचं. दाराशी उन्हात रचलेली टायरं मी बघत होते, त्याने आतल्या थंड खोलीतली काढली. प्रत्येकाचे आकडे मी स्वतः वाचले, यांना फोनवर सांगितले. प्लँटच्या आवाजात हे ओरडत होते, "परत सांग! वर्ष कुठलं?" चारही चालू वर्षातलीच निघाली. हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासायची, हेही टायरवाल्याने मला दोनदा म्हणायला लावलं.

संध्याकाळी यांनी टॉर्च घेऊन चारही चाकांभोवती फेरी मारली, लाथ मारून बघितली. "सत्तरच्या वर जायचं नाही," म्हणाले.

"नाही."

"धुक्यात पुढच्याच्या मागे चिकटायचं नाही."

"नाही हो."

"आणि तिच्या बोलण्यात गुंगायचं नाही." म्हणजे यांना सगळं माहीत होतं. मी चहा टाकायला आत गेले.

लेक येणार त्या सकाळी धुकं इतकं होतं की स्टेडियम दिसलंच नाही. एक-दोन ठिकाणी रस्ता ओला होता, मी ब्रेक हलकेच दाबून बघितला. गाडी सरळ उभी राहिली, शहाण्या मुलासारखी.

लेक बाहेर आली. वाळली होती. मिठी मारली तेव्हा तिच्या जॅकेटला परक्या थंडीचा वास येत होता. सामान ठेवलं, बेल्ट लावला. मी गाडी काढली, डोळे समोर ठेवले आणि म्हटलं, "सांग आता."

"फ्लाइट वॉज फाइन," ती म्हणाली. मग जांभई. पहिला सिग्नल येईपर्यंत तिची मान खिडकीकडे कलली होती.

मी वाट बघितली. दोह्याबाहेर पडलो, धुकं थोडं विरळ झालं, ट्रक मागे पडले. उठेल आता, मग बोलेल. सत्तरची साठ केली. साठाची पन्नास केली. तिच्या कपाळावर, भुवयांच्या मधे, एक बारीक आठी होती. झोपेतसुद्धा होती. ती मागच्या वर्षी नव्हती. कशाने आली, कुणामुळे आली, हे मला कोण सांगणार? खडबडीत वळण आलं की मी श्वास धरून ते पार करायची, तिला धक्का बसू नये म्हणून.

टाउनशिपचं गेट दिसलं. मी वळले नाही. सरळ पुढे गेले, समुद्राच्या रस्त्याला.

ती जरा हलली. डोळे न उघडताच म्हणाली, "आई, आर वी देअर?"

"अजून लांब आहे गं," मी म्हटलं. "धुकं आहे ना. झोप तू."